पकडल्यानंतर काय?

तुमच्या घरात दहा-बारा वर्षांचं कोणी असेल, आणि त्याच्या कपाटात पोकेमॉनच्या पत्त्यांची वही आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं जाडजूड पुस्तक शेजारीशेजारी असेल, तर एक मागणी आज ना उद्या तुमच्यापर्यंत येणारच: ‘या नियमांनी पोकेमॉन खेळता येईल का?’ येतं. कित्येक वर्षं लोक खेळताहेत. हौशी मंडळींनी त्यासाठी लिहिलेली नियमांची पुस्तकं फुकट मिळतात, आणि त्यातली काही मूळ पुस्तकांनाही जाडीत मागे टाकतील. त्यातलं काय घ्यावं आणि काय खुशाल फाडून टाकावं, याबद्दल हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक रूपांतरं प्राणी पकडण्याचा हिशोब अचूक करण्यात इतकी गुंततात, की पकडलेल्या प्राण्याचं पुढे काय करायचं याचा विचार करायला त्यांच्यापाशी पानंच उरत नाहीत.

हा खेळप्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण ते काल्पनिक जग चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं आणि जिथे निकाल सरळ दिसत नाही तिथे फासे टाकायचे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापलं, तेव्हापासून नेहमीचा साचा हाच: एक खेळाडू, एक पात्र. पोकेमॉन या साच्यात बसत नाही. तिथे एका खेळाडूकडे एक माणूस आणि सहा प्राणी असतात, लढतात ते प्राणी, आणि माणूस बाजूला उभा राहून ओरडत असतो. रूपांतराची सगळी दुखणी इथून सुरू होतात.

पहिलं दुखणं हिशोबाचं. मूळ व्हिडिओ गेममध्ये चेंडू फेकल्यावर तो थरथरतो, एकदा, दोनदा, तीनदा, आणि आपण श्वास रोखून बघत असतो. त्या थरथरीच्या मागे भरपूर गणित आहे. २००० नंतरच्या दशकातल्या गेम्सचं सूत्र घ्या. प्रत्येक जातीला एक आकडा दिलेला असतो: केटरपीसारख्या अळीला २५५, सुरुवातीला मिळणाऱ्या प्राण्यांना ४५, म्यूटूला फक्त ३. प्राणी धडधाकट असेल तर या आकड्याचा एक-तृतीयांशच हाती लागतो. तो अर्धमेला झाला की आकडा वाढत वाढत पूर्ण होतो. झोपलेला असेल तर दुप्पट. म्हणजे ४५ आकड्याचा प्राणी साध्या चेंडूने ताजातवाना असताना पकडायला गेलात तर शंभरात सहाएक वेळा जमेल, मरणाच्या दारात असताना अठराएक वेळा, आणि शिवाय झोपवलात तर पस्तीसएक वेळा. खेळणाऱ्या पोराला यातलं काही माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं की आधी दमवावं, मग झोपवावं, मग फेकावं. गणित यंत्राच्या पोटात राहतं, आणि तिथेच ते शोभतं.

आता हेच टेबलावर आणा. पोकेमॉन टेबलटॉप युनायटेड हे हौशी रूपांतरांमधलं सगळ्यात मेहनतीचं. त्यात पकडताना शंभरापासून सुरुवात करायची, प्राण्याच्या लेव्हलची दुप्पट वजा करायची, पाऊण भागाहून जास्त ताकद शिल्लक असेल तर आणखी तीस वजा, निम्म्या ते पाऊण असेल तर पंधरा वजा, पाव भागावर आली असेल तर पंधरा अधिक, मग जातीची दुर्मिळता, मग आजारपण, मग उत्क्रांतीचा टप्पा, आणि शेवटी शंभराचा फासा. हे चुकीचं आहे असं मुळीच नाही. उलट मूळ खेळाशी ते फार इमानदार आहे. पण चेंडू फेकला आणि चार मुलं श्वास रोखून बसली असताना कोणीतरी कॅल्क्युलेटर शोधतं आहे, अशा वेळी तो थरार कुठे जातो ते तुम्हीच सांगा. आणि हा झाला एक चेंडू. चार खेळाडू, प्रत्येकाचे सहा प्राणी, प्रत्येक प्राण्याच्या चार चाली: एका टेबलावर शहाण्णव चाली. प्रत्येकीचा फासा वेगळा, परिणाम वेगळा. माझा अनुभव असा की यात आधी डीएम दमतो, मग मुलं मोबाईल काढतात.

या पुस्तकाचं एक मात्र मोठं काम आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. त्यातल्या माणसांना स्वतःचे व्यवसाय आहेत, कौशल्यं आहेत, आणि मैदानाबाहेरच्या लढाईत माणूस आणि त्याचा प्राणी दोघांनाही टर्न मिळतो. म्हणजे ‘नुसता ओरडणारा’ हा प्रश्न त्यांनी खरोखर हाताळला. शिवाय प्राण्याचं मन मालकाशी किती जुळलं आहे याचा शून्य ते सहा असा आकडा डीएमने गुपित ठेवायचा आहे. कल्पना सुंदर आहे! फक्त शेकडो पानांच्या त्या ग्रंथात तिच्या वाट्याला जेमतेम जागा आली आहे, आणि गुपित आकडा टेबलावर कोणाच्या तोंडून बोलत नाही.

दुसरी वाट म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच पाचव्या आवृत्तीला पोकेमॉनचा अंगरखा घालायचा. पोकेमॉन फाइव्ह ई या नावाने चालणारं हौशी रूपांतर ते करतं. प्राण्यांच्या लेव्हल्स विसाच्या आत आणतं, वीस बाजूंचा फासा तोच, कॅरेक्टर शीटचे रकानेही ओळखीचे. ज्या मुलांना मूळ खेळ येतो त्यांना अर्ध्या तासात खेळायला बसवता येतं, हा फायदा लहान नाही. आणखी एक गोष्ट आपसूक जुळते. पाण्याने आग विझते, आगीने गवत जळतं, हा पोकेमॉनचा प्राण. आज तिथे अठरा प्रकार आहेत, म्हणजे अठरा गुणिले अठरा, ३२४ चौकटींचा तक्ता. आणि पाचव्या आवृत्तीत ‘दुप्पट लागणं’, ‘निम्मं लागणं’ आणि ‘अजिबात न लागणं’ हे तिन्ही नियम आधीपासून आहेत. तक्ता टेबलावर जड होईल असं मोठ्यांना वाटतं. होत नाही, कारण मुलांना तो पाठ असतो. तेराचा पाढा नसतो, पण वीज जमिनीला लागत नाही हे झोपेत सांगतील. यावरून काय ठेवावं आणि काय टाकावं याची एक कसोटी मिळते: खेळणाऱ्याच्या डोक्यात जे आहे ते ठेवा, यंत्राच्या पोटात जे होतं ते टाका.

पण याच आवृत्तीत प्राणी पाळण्याचं एक जुनं दुखणं आहे, आणि रूपांतर करणाऱ्याने ते जरूर अभ्यासावं. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये रेंजर या पात्राला बीस्ट मास्टर होता येतं, म्हणजे एक जनावर सोबतीला मिळतं. हे जनावर मालकाच्या पाठोपाठ चालतं, पण हल्ला करायचा तर मालकाने स्वतःची कृती खर्च करून हुकूम द्यावा लागतो. हुकूम दिला नाही तर लांडगा समोर मित्राला कोणी भोसकत असताना नुसता उभा! असं का केलं ते उघड आहे: एका खेळाडूला दोन टर्न मिळाले तर बाकीचे तिघे कुरकुरणार. पण हा न्याय सांभाळताना लांडग्याचं लांडगेपणच गेलं. तो मालकाच्या हातातला लांब दांड्याचा भाला झाला. खेळाडूंनी यावर वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, आणि २०२०च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंगमध्ये नवा सोबती आला, ज्याला छोट्या, जोडकृतीत हुकूम देता येतो. सुधारणा झाली खरी. पण हुकूम तो हुकूमच. प्राण्याला ‘नाही’ म्हणता येईल अशी सोय तिथेही नाही.

माझ्या मते रूपांतराची खरी परीक्षा या ‘नाही’पाशी आहे. पडद्यावरचा प्राणी मुकाट्याने पकडला जातो, कारण त्याच्या तोंडून बोलायला तिथे कोणी नाही. टेबलावर आहे. दहा वर्षांची मुलगी विचारते, ‘पण त्याला यायचंय का?’ आणि तुमच्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नसतं, फक्त टक्केवारी असते. त्यातही ती टक्केवारी असं शिकवते की जितकं जास्त मारशील तितका तो लवकर तुझा होईल. नियम ज्याला बक्षीस देतात तेच मुलं करतात, यात त्यांचा दोष नाही.

गंमत म्हणजे याहून चांगला नियम १९९६च्या पहिल्या खेळातच एका कोपऱ्यात पडून आहे. सफारी झोन नावाच्या जागी आपले प्राणी बाहेर काढता येत नाहीत, मारामारी नाही. समोरच्या प्राण्याला खाऊ टाकायचा किंवा दगड मारायचा. खाऊ टाकला तर तो पळून जाण्याची शक्यता कमी होते, पण पकडणं अवघड होतं. दगड मारला तर पकडणं सोपं होतं, पण तो पळण्याची शक्यता वाढते. दोन्हीकडे काही मिळतं, दोन्हीकडे काही जातं, आणि निर्णय खेळणाऱ्याचा. टेबलाला हवी असते ती नेमकी ही गोष्ट. मोठमोठ्या रूपांतरांनी लढाईचं सूत्र उचललं आणि हे कोपऱ्यातलं रत्न तसंच सोडलं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

बोलून आपलंसं करण्याचीही परंपरा आहे, आणि ती पोकेमॉनहून जुनी आहे. १९८७च्या मेगामी टेन्सेई या जपानी खेळात राक्षसांशी वाटाघाटी करून त्यांना सोबत घेता येतं. त्या मालिकेतले राक्षस पैसे मागतात, आडवेतिडवे प्रश्न विचारतात, चिडतात, कधी पैसे घेऊन चक्क पसार होतात. डिजिमॉनने वेगळी वाट धरली: एक मूल, एक सोबती, संग्रह नाहीच. अ‍ॅनिमॉन स्टोरी हा टेबलावरचा खेळ त्याच वळणाचा आहे, आणि लहान मुलांबरोबर पहिल्यांदा बसणार असाल तर मी जाड ग्रंथांआधी तोच सुचवेन. १९९९ साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने पोकेमॉन ज्युनियर अ‍ॅडव्हेंचर गेम काढला होता, अगदी मोजक्या नियमांचा, घरातल्या मोठ्याने गोष्ट सांगत चालवायचा. आज तो वस्तुसंग्रहालयात शोभेल. पण पडद्यावरचं गणित बाजूला ठेवून गोष्टीला पुढे करावं, एवढं त्या पातळ पुस्तकालाही कळलं होतं.

मग टेबलावर नेमकं काय करावं? मी जे करतो ते सांगतो. मंडळाच्या हॉलमध्ये, मराठी शाळा सुटल्यावर आम्ही खेळतो. मुलं नऊ ते चौदा वर्षांची.

प्रत्येकाकडे जास्तीत जास्त दोन प्राणी. तिसरा हवा असेल तर एकाला सोडून यायचं, आणि कुठे, कोणाकडे सोडलं ते सांगायचं. ‘पण सगळे गोळा करायचे ना!’ ही तक्रार पहिल्याच दिवशी येते, आणि ती रास्तही आहे. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा गावात किडे गोळा करायचे, आणि त्या छंदातूनच हा खेळ आला. गोळा करण्याची भूक खरी आहे. पण मूळ खेळातल्या पोकेडेक्समध्ये दोन आकडे असतात, ‘पाहिलेले’ आणि ‘पकडलेले’. मी पहिल्या आकड्याला भाव देतो. नवीन प्राणी नीट पाहिला, तो काय खातो, कुठे झोपतो हे वहीत उतरवलं, चित्र काढलं, की अनुभवाचे गुण मिळतात. एका मुलाच्या वहीत एकतीस प्राणी झाले आहेत आणि त्याच्याकडे अजून एकच प्राणी आहे. त्याची काही तक्रार नाही.

भेटीचा फासा सहा बाजूंच्या दोन फाशांचा. ही पद्धत २०१०च्या अ‍ॅपोकॅलिप्स वर्ल्डपासून रूढ झाली: बेरीज दहा किंवा जास्त असेल तर हवं ते मिळालं, सात ते नऊ असेल तर मिळालं पण काही मोजावं लागलं, सहा किंवा कमी तर पंचाईत. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी; दोन फाशांची बेरीज मात्र मधल्या आकड्यांकडे झुकते. बेरजेत एक मिळवायची मुभा असेल तर छत्तीसपैकी सोळा वेळा निकाल त्या मधल्या पट्ट्यात येतो, दहा वेळा वर, दहा वेळा खाली. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा उत्तर येतं ते ‘हो, पण’. त्या ‘पण’नंतर प्राणी अट घालतो. मारलेल्या प्रत्येक फटक्यामागे बेरजेतून एक वजा. त्याने खोली एकदम शांत होते.

अट कोण ठरवतं? मालक नाही, आणि मीही नाही. डाव्या हाताला बसलेला खेळाडू. तुमच्या प्राण्याचा आवाज तोच. ही युक्ती माझी नव्हे. आर्स मॅजिका या १९८७च्या खेळात दुय्यम पात्रं सगळ्यांच्या मालकीची असतात, आज हा चालवेल तर उद्या तो. आणि १९९४च्या रेथ: द ओब्लिव्हियनमध्ये तुमच्या पात्राच्या मनातली काळी बाजू शेजारचा खेळाडू बोलतो. तो खेळ भयंकर उदास आहे, मुलांसमोर काढू नका. पण ही एक सोय तेवढी उचलण्यासारखी आहे. हिच्यामुळे लांडग्याच्या टर्नचा तो जुना तंटाही मिटतो. प्राण्याचा टर्न मालकाला मिळतच नाही, शेजाऱ्याला मिळतो, त्यामुळे कोणाला दोन घास जास्त मिळाले अशी कुरकुर उरत नाही. मालक विनंती करतो. शेजारी बहुतेक वेळा ऐकतो. कधी ऐकत नाही, आणि मग खरा खेळ सुरू होतो. एका मुलीच्या कावळ्यासारख्या प्राण्याने अट घातली की मला चेंडूत बंद करायचं नाही. पिकाचूची सरळसरळ नक्कल, पण तिने मान्य केली. पुढची तीन सत्रं त्या पक्ष्याला बसमध्ये, शाळेत, आजीच्या खोलीत लपवण्यात गेली, आणि एकही लढाई झाली नाही.

तुमच्या टेबलावर मराठी मुलं असतील तर थोड्याच दिवसांत कोणीतरी आपल्याकडची भुतं आणा म्हणेल. आणा, पण जरा बेताने. चकवा उत्तम चालतो. वाट चुकवणारा शत्रू कुठल्याही डीएमला हवाच असतो. पिंपळावरचा मुंजा मुलांना भलताच आवडतो, बहुधा वयामुळे. पण चेंडूत घालायला आपली मंडळी तयार नसतात, हे त्यांच्या गोष्टी थोड्या आठवल्या की लक्षात येतं. कोकणात आणि गोव्यात राखणदाराला कोणी पकडत नाही. त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आपलं म्हणणं मोठ्याने त्याच्यापुढे मांडतात, आणि बोललेलं पाळतात. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. वेतोबा अनेकांचा देव आहे. त्याला पत्त्यावर छापून ताकदीचे आकडे देऊ नयेत, निदान मी देणार नाही. पण झिजलेल्या चपलेचा नियम मी घेतला आहे: सोबत्याने तुमच्यासाठी काही केलं की त्याचं काहीतरी झिजतं, आणि पुढच्या सत्राआधी ते तुम्ही भरून द्यायचं. काय झिजलं ते शेजारी सांगतो. गाऱ्हाण्याला मात्र एक अट ठेवली आहे, ते मराठीत घालायचं. एरवी सगळा खेळ इंग्रजीत चालतो आणि मी तो अडवत नाही. गाऱ्हाणं घालताना मुलं अडखळतात, शब्द विचारतात, ‘तुझ्या चपला झिजल्या’च्या जागी ‘तुझे चप्पल तुटला’ म्हणतात. चालतं. राखणदार व्याकरण तपासत नाही.

शेवटचा मुद्दा अदलाबदलीचा, कारण तो जवळपास सगळ्या रूपांतरांनी सोडून दिला आहे. १९९६ साली रेड आणि ग्रीन असे दोन खेळ निघाले ते मुद्दाम अपुरे होते. काही प्राणी एकात, काही दुसऱ्यात, आणि कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर, हाँटर हे चौघे तर दुसऱ्याला दिल्याशिवाय पूर्ण वाढतच नाहीत. त्यासाठी मित्राच्या घरी जाऊन दोन गेमबॉय वायरीने जोडावे लागत. दुसऱ्याकडून आलेला प्राणी दीडपट वेगाने शिकतो, पण तुमच्याकडे पुरेसे बिल्ले नसतील तर मोठा झाल्यावर तुमचं ऐकत नाही. केवढा माल आहे या एका नियमात! टेबलावर सगळे आधीच एकत्र बसलेले असतात म्हणून रूपांतर करणाऱ्यांना तो अनावश्यक वाटला असावा. मी तो जवळजवळ तसाच ठेवला आहे, एक भर घालून: प्राणी दुसऱ्याला दिला, की त्याचा आवाज शेजाऱ्याकडून काढून जुन्या मालकाकडे द्यायचा.

मुलं सहजासहजी द्यायला तयार होत नाहीत. आमच्याकडे आजवर एकदाच झालं. थोरल्या मुलाने आपलं कासव सगळ्यात धाकटीला दिलं, कारण तिचा गट नदीपाशी अडकला होता. कासव तिच्यापेक्षा फार मोठ्या लेव्हलचं आहे आणि तिच्याकडे बिल्ला एकच. पहिल्या दिवशी तिने त्याला नदीत उतर म्हटलं. कासवाने थोरल्याच्या आवाजात विचारलं, जेवलीस का आधी?